टाचलेली उत्तरे

अभ्यासिकेत माझ्यासमोर बसणाऱ्या मुलीने गणिताच्या पुस्तकातील उत्तरांची पाने स्टेपलरने टाचून टाकली आहेत. विद्यापीठाची अवघड प्रवेशपरीक्षा आठवड्यावर आली आहे. आम्ही दोघेही ती देणार आहोत; ही मुलगी बारावीनंतर, मी निवृत्तीनंतर. तीन दिवस ती एकाच उदाहरणापाशी अडलेली पाहून मी संकोचत म्हटले, "माझ्या पुस्तकातली पाने मोकळी आहेत."

"नको काका. तुम्ही उत्तर पाहिलं असेल, तर चेहऱ्यावर दिसू देऊ नका."

मी मान खाली घातली. न कळलेल्या गोष्टीच्या सोबतीने इतके दिवस शांत बसणे माणसाला कसे साधत असेल? उत्तर मला पहिल्याच दिवसापासून ठाऊक होते. ते तसेच का येते, हे विचारायचे मात्र राहून गेले होते. मी कोरे पान काढले आणि त्यावर फक्त प्रश्न उतरवला.