कव्हराखालची गाडी

पडदेवाल्या बाईला कापडात फसवणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. ताग्याचं टोक ती दोन बोटांत धरायची, उलटं करून बघायची आणि दुकानदाराला विचारायची, "याला पाणी लागलंय का?" त्यानं हो म्हटलं तरी घरी आणून ती कापड बादलीत बुडवायची, वाळवायची आणि मगच कात्री लावायची. नणंद कुरकुरायची, "वहिनी, गिऱ्हाइकाला पडदे आज हवेत, आणि तू कापडाला आंघोळी घालत बसलीस."

"आटणं डोळ्याला दिसत नाही, वन्सं. आटायचं ते माझ्या अंगणात आटू दे, त्यांच्या खिडकीवर नको."

नवरा गेल्यापासून घरात या दोघीच होत्या. एक कापायची, एक शिवायची. पडद्यांचे गठ्ठे दारोदार पोचवून बाईचा उजवा खांदा पार निकामी झाला. डॉक्टर म्हणाले, हा खांदा आता ओझ्याचा राहिला नाही. म्हणजे गाडी नाही तर धंदा नाही. बाई गाडी चालवायला शिकली, होतं नव्हतं ते गोळा केलं आणि नणंदेला घेऊन जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे गेली.

त्याची वाणी अशी की ऐकणाऱ्याच्या कानाला मुंग्या लागाव्यात. नणंदेनं तिथल्या तिथे त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं.

बाईनं गाडी अर्धी सकाळ पाहिली. पण पाहिलं काय? सीटची कव्हरं! दुहेरी शिवण, कापडात विरून गेलेला दोरा, कोपरे आत दुमडून वर फुलीचा नेटका टाका. तिचा जीव त्या कोपऱ्यांवरच जडला. ज्यानं सीटला एवढं जपलं, त्यानं इंजिनाला किती जपलं असेल, असं तिच्या मनानं घेतलं. तरी जिभेच्या सवयीनं तिनं विचारलंच, "हिला पाणी लागलंय का?"

"थेंब नाही, ताई! कव्हरंसुद्धा आधीच्या मालकानं हौसेनं शिवून घेतलेली." बाईनं पैसे मोजले, सही केली आणि गाडी घरी आली.

पुढे उन्हं तापली आणि बंद गाडीतून आटलेल्या तळ्याच्या तळासारखा वास येऊ लागला. मग एके दिवशी दवाखान्याचे पडदे घेऊन जाताना गाडी ऐन चढावर मेली. मिस्त्रीनं पायाखालचा गालिचा उचलला. खाली मऊ, पिठासारखा गाळ.

"बाई," तो म्हणाला, "ही गाडी तुमच्याकडे यायच्या आधी चांगली पोहून आलीय. पुरात उभी होती."

दोघी परत विक्रेत्याकडे गेल्या, पण गोडबोल्याचा चेहरा जराही हलला नाही. "जुनी गाडी म्हणजे जुनी गाडी, ताई. आहे तशी घेतलीत, सही तुमची. अर्धी सकाळ निरखत होतात ना?"

बाई तशीच मागे फिरली. वाटेत नणंद म्हणाली, "निरखलंस, पण टाके! सोनारानं डबी बघून सोनं घेतल्यासारखं." बाई हसली नाही. घाव वर्मी बसला होता.

दुसऱ्या दिवशी बादलीत कापड बुडवताना तिचे हात पाण्यातच थांबले. "वन्सं, मी आटणारं कापड गुपचूप विकलं आणि गिऱ्हाइकाला म्हटलं, तुम्हीच बघून घेतलंत, तर?"

"तर मी तुझ्याशी बोलणं टाकीन."

"मग झालं तर." तिनं हात पुसले आणि ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारं कार्यालय गाठलं.

तिथल्या कारकून बाईनं नीट समजावलं. आधी त्याला लेखी कळवा की गाडी परत घ्या, पैसे परत द्या. नाही ऐकलं तर तक्रार इथे लावा. आणि तोवर गाडीला हात लावू नका, लावू देऊ नका.

कागद पोचताच गोडबोल्या दारात हजर. "ताई, घरातली भांडणं चव्हाट्यावर कशाला? आजच नेतो, फुकट दुरुस्त करून देतो."

बाईचा खांदा ठणकत होता. हो म्हणणं सोपं होतं. "नेलीत की गाळ धुऊन टाकाल," ती म्हणाली. "गाडी इथून हलायची नाही."

गाडी दारात उभी राहिली आणि पडदे पुन्हा पायी निघाले. गठ्ठ्याचं एक टोक बाईच्या डाव्या खांद्यावर, दुसरं नणंदेच्या. रस्त्यात कुणी विचारलं तर नणंद सांगायची, "गाडी आहे हो आमच्याकडे. तिला पोहायची आवड, चालायची नाही."

बाईनं तक्रार लावली. पहिल्याच सुनावणीत गोडबोल्यानं नवा सूर लावला. पाणी शिरलं असेल तर विकल्यावर शिरलं. बाई घरी आली ती कव्हराच्या कोपऱ्यावर बोट फिरवत बसली. फुलीचा टाका. हा हात कुणाचा तरी होता.

गॅरेजांच्या मागच्या गल्लीत सीट शिवणाऱ्यांची दुकानं ओळीनं होती. बाई माणसांची तोंडं बघतच नव्हती, नुसते कोपरे बघत चालली होती. शेवटच्या दुकानात मशीनवर वाकलेल्या एका म्हाताऱ्यापुढे ती थांबली.

"माझ्या गाडीची कव्हरं तुम्ही शिवलीत."

म्हातारा खुलला. "ओळखलीत?"

"ओळखली, आवडली, म्हणून तर बुडाले." तिनं गोडबोल्याचं नाव घेतलं.

त्याचा पाय मशीनवरून उतरला. "सीट ओल्या होत्या. मी म्हटलं, वाळू द्या. तो म्हणाला, तू झाक."

"हे तिथे येऊन सांगाल?"

"माझं निम्मं काम त्याच्याकडून येतं, बाई."

"मी त्याचं बोलणं ऐकून गाडी घेतली नाही, बाबा. तुमची शिवण बघून घेतली." सुनावणीची तारीख सांगून ती निघाली. मागे मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज काही आला नाही.

सुनावणीच्या दिवशी म्हातारा उशिरा आला, सदऱ्याला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. गाडी ओढून कार्यालयाच्या आवारात आणली होती. सगळ्यांदेखत त्यानं खिशातून पातं काढलं आणि आपलीच शिवण टाका-टाका उसवली. बाईला ते बघवेना. कव्हर निघालं. खालच्या सीटवर पाणी चढलं होतं तिथवरची तपकिरी रेघ, आडवी, सरळ.

"मी झाकली तेव्हाही ही इथेच होती," म्हातारा म्हणाला.

निकाल आला. गाडी त्यानं परत घ्यायची, पैसे द्यायचे, झालेला खर्चही भरून द्यायचा. पैसे हाती येईपर्यंत बाईनं त्या कार्यालयाची पायरी सोडली नाही.

दुसरी गाडी तिनं मिस्त्रीला बरोबर नेऊन घेतली. त्यानं आधी सगळे गालिचे उचलले, मगच बाईनं आत पाय ठेवला. सीट फाटलेल्या, आतला फोम बाहेर डोकावत होता.

"अगं, हे काय ध्यान!" नणंद म्हणाली.

"बसा, वन्सं."

गाडी गॅरेजांच्या मागच्या गल्लीत वळली आणि शेवटच्या दुकानापाशी थांबली. तिथे मशीन रिकामंच होतं. गोडबोल्यानं त्याला काम देणं बंद केलं होतं. म्हातारा दारात येऊन उभा राहिला.

बाईनं गाडीची चारी दारं उघडी टाकली. "खालून-वरून सगळं बघून झालंय, बाबा," ती म्हणाली. "आता खुशाल झाका."