चौदिशाची डावी बाजू

येडशीच्या रामलिंग मंदिराबाहेर झाडाच्या सावलीत त्या रविवारी बारा-तेरा माणसं हिरीरीनं वाद घालत बसली होती. वाद होता एका बाईच्या डोळ्यांवरून, आणि ती बाई कधी जन्मलीच नव्हती.

तिचं नाव चौदिशा. एसटीतली कंडक्टर. घाटात तिच्या गाडीवर वीज पडली, त्यातून ती वाचली आणि तेव्हापासून मान न वळवता तिला चारी दिशा एकदम दिसू लागल्या; घाटात ड्रायव्हर तिच्या घंटेवर गाडी वळवू लागला. ही सगळी गोष्ट तुळजापूरच्या मुकुल धारूरकरनं रचलेली आणि काढलेली. मुकुल एका शाळेत कारकून. वय सेहेचाळीस. दिवसभर दाखले लिहायचे, हजेरीपत्रकं जुळवायची आणि संध्याकाळी घरी आला की चहाचा कप बाजूला सारून चित्रं काढायची, असा त्याचा गेल्या सहा वर्षांचा क्रम होता. पहिला अंक त्यानं झेरॉक्स करून, स्टेपल मारून ओळखीच्या चाळीस जणांना वाटला होता. आता चोवीस अंक झाले होते. फोनवरच्या ग्रुपात तीनशेच्या वर वाचक होते आणि वर्षातून एकदा त्यातले हौशी लोक असे कुठंतरी जमत.

मुकुल अशा वेळी फार बोलत नसे. कडेला बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत ऐकत राहायचा. आपल्या डोक्यातून निघालेल्या बाईसाठी चांगली शिकलीसवरलेली माणसं एकमेकांवर आवाज चढवतात, याचं त्याला आतून फार सुख वाटे.

"तिला सगळं दिसतं ना? मग चोर तिच्या तिकिटाच्या मशीनपर्यंत पोचतोच कसा?" एक जण विचारत होता. "सरांची चूक झालीय. शक्ती द्यायची तर पुरती द्यावी, सोयीनं विसरू नये."

"चूक न्हाय ती," योगीराज म्हणाला. हा भूमकडच्या पवनचक्क्यांवर दुरुस्तीला जाणारा तिशीचा गडी. चौदिशाचा प्रत्येक अंक त्यानं पेन्सिलीच्या खुणा करून वाचलेला. "शक्तीला कायदा पाहिजे. कायदा असला की मग तो मोडताना भ्या वाटतं. सरांनी लई हुशारीनं मोडलाय. तुमी बघितलंच न्हाय."

त्यानं पिशवीतून अंक काढले आणि सतरापासून पुढचे सतरंजीवर ओळीनं मांडले.

"सतराव्या अंकात दगड कुठून आला? डावीकडनं. अठराव्यात ट्रॅक्टर? डावीकडनं. विसाव्यात, बाविसाव्यात, दर बारीला तिला मार बसतोय तो डावीकडनंच. आन् हे बघा, पानाचा डावा खालचा कोपरा. आधी तिथं झाडं, कुत्री, माणसं काय काय असायचं. आता सगळं कोरं. चौदिशाची नजर कडेनं खाल्ली जातीया, आन् तिला पत्ताच न्हाय! पंचविसाव्यात उजवी बाजू जाणार. सव्विसाव्यात गाडी घाटात असणार. लिहून घ्या."

सगळे वाकून कोपरे पाहू लागले. मग एकदम टाळ्या पडल्या. सगळ्यांनी मुकुलकडे पाहिलं. त्याच गडबडीत एक माकड सतरंजीजवळ आलं, मुकुलच्या डाव्या मांडीला टेकलेली शेंगांची पिशवी त्यानं निवांत उचलली आणि ते झाडावर चढलं. सगळे हसले. मुकुल मात्र उजवीकडे, समोर, वर पाहत राहिला. काय झालं ते त्याला इतरांनी सांगितल्यावर कळलं.

शिवांजली हसली नव्हती. ती परंडा तालुक्यातल्या सोनारीची. सोलापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करायची. लोक जेवायला उठल्यावर ती एकोणिसावा अंक घेऊन मुकुलसमोर येऊन बसली.

"सर, हा कोपरा तुम्ही मुद्दाम कोरा ठेवलाय?"

"योगीराज म्हणतोय म्हणजे असेल," मुकुल हसत म्हणाला.

"तसं नाही. मला खरं सांगा. तुम्ही गाडी चालवता?"

"स्कूटर. का?"

"एकदा सोलापूरला या. मी दवाखान्यातच असते." तिनं अंक मिटून त्याच्या हातात दिला. "आणि लवकर या, सर."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मुकुलनं मूळ चित्रांचा गठ्ठा काढला. त्याची पद्धत अशी, की आधी सगळं पेन्सिलीनं काढायचं आणि मग त्यावर शाई फिरवायची. एकोणिसाव्या अंकातल्या त्या पानावर बसस्टँड होतं. डाव्या कोपऱ्यात आपण शेळी घेऊन बसलेली एक म्हातारी काढली होती, हे त्याला पक्कं आठवत होतं. तिच्या लुगड्याच्या चुण्यांना बराच वेळ गेला होता. त्यानं पान खिडकीशी धरलं, तिरकं केलं. म्हातारी होती, शेळीही होती. पण फिकट पेन्सिलीत. शाई त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. पान पुरं झालं असं समजून त्यानं खाली सही ठोकून दिली होती.

त्यानं पुढचं पान पाहिलं. मग त्याच्या पुढचं. झेरॉक्समध्ये न उमटलेली माणसं पानापानाच्या कडेला तशीच बसून होती.

"अक्षरा," त्यानं बायकोला हाक मारली. "एक चमचा घेऊन ये."

तिला काही कळेना, पण ती आली. त्यानं तिला डाव्या बाजूला उभं केलं, समोरच्या कॅलेंडरवर नजर लावली आणि चमचा मागून हळूहळू पुढं आणायला सांगितलं.

"आता?"

"नाही."

"आता दिसतोय?"

"नाही."

"अहो, आता तरी?"

तिचा आवाज बदलला म्हणून त्यानं मान वळवली. चमचा जवळजवळ त्याच्या गालासमोर होता.

अक्षरा खुर्चीवर बसली. गेल्या दोन वर्षांत उंबऱ्याला ठेचकाळणं, पाण्याचा तांब्या लवंडणं, रस्त्यात लोकांनी हात केला तरी न बघणं, हे सगळं तिनं त्याच्या तंद्रीवर ढकललं होतं. चित्रं काढणारा माणूस, डोकं जाग्यावर नसतं, असं ती शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायची. तेवढ्यात मुकुलला वडील आठवले. अंबादास धारूरकर, जुने मास्तर. शेवटच्या चार वर्षांत भिंत चाचपत चालायचे. वय झालं, असं सगळे म्हणाले. दवाखान्यात कुणीच नेलं नव्हतं.

तरीही तो लगेच गेला नाही. माणूस कसा असतो बघा. ग्रुपवर लोक त्याच्या मागं लागले होते, की योगीराजचं खरं आहे का ते सांगा. मुकुलनं लिहून टाकलं, "योगीराजनं बरोबर ओळखलं." झालं, ग्रुप पेटला. आता चौदिशाचं पुढं काय होणार, यावर रोज शंभर-शंभर निरोप पडू लागले. कुणी म्हणे, उजवी बाजू जाईल, मग पाठ, आणि शेवटी समोर रुपयाएवढं भोक उरेल. कुणी म्हणे, ती कुणालाच सांगणार नाही, कारण सांगितलं तर नोकरी जाईल. एकानं लिहिलं, तिच्या हातून एक माणूस मरायला पाहिजे, त्याशिवाय वजन येणार नाही. त्याला ऐंशी जणांनी अंगठा दिला.

मुकुल ते शाळेच्या टेबलावर बसून वाचायचा. वाचता वाचता तो फोन पालथा ठेवायचा. हे लोक गंमत म्हणून लिहीत होते आणि त्यातला एकेक प्रकार त्याला आपल्या अंगावर चालून येताना दिसत होता. स्कूटर त्यानं बंद केली. अक्षराला सांगितलं, पायी चालणं तब्येतीला बरं. तिनं काही न बोलता किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला हाताला धरून सोलापूरच्या गाडीत बसवलं.

काचबिंदू होता. शिवांजलीनं यंत्रावर तपासून नजरेचा नकाशा छापून दिला. डाव्या डोळ्याच्या चौकटीत कडेनं काळं पसरत आत आलेलं, उजव्यातही नाकाच्या बाजूनं सुरुवात झालेली. डॉक्टरीणबाई सावकाश बोलल्या. गेलं ते परत येत नाही. आहे ते राखायचं. थेंब रोज, जन्मभर. आणि कडेची नजर जाताना माणसाला कळत नाही, कारण उरलेली जागा मेंदू आपल्या मनानं भरून काढतो.

"घरात आणखी कुणाला?" त्यांनी विचारलं.

"वडिलांना असावा."

"सख्खी भावंडं?"

"एक धाकटा भाऊ आहे. रणधीर."

"त्यांना आणा. काय करतात ते?"

मुकुलनं हातातला नकाशा खाली ठेवला. रणधीर सोलापूर-तुळजापूर भाविकांची गाडी चालवत होता. सतरा सीटची. पौर्णिमेला दिवसाला चार-चार फेऱ्या.

दुसऱ्या दिवशी तो स्टँडवर गेला. रणधीर गाडीची काच पुसत होता. मुकुलनं सगळं सांगितलं, नकाशाही दाखवला.

"तुझं वाईट झालं दादा," रणधीर म्हणाला. "पण मला समदं दिसतंय. वीस वर्षं झाली, गाडीला ओरखडा न्हाय."

मुकुल गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेला. मागच्या दारापासून पुढच्या चाकापर्यंत पत्रा तीन ठिकाणी खरवडलेला होता. एका ठिकाणी नवा रंग दिलेला.

"हे काय?"

"पार्किंगमधी कुणीतरी घासलं आसंल."

"रणधीर, एकदा चल. तासाभराचं काम."

"आन् काय निघालं तर? लायसन गेलं तर पोरींना काय खायला घालू? तू कागदावर नोकरी करतोस दादा, तुझं भागतंय." गाडीत माणसं चढत होती. कडेवर लेकरं, हातात परड्या, कपाळावर मळवट. रणधीर वर चढून बसला. गाडी वळून बाहेर पडली आणि डावीकडच्या हारवालीनं आपली टोपली झटकन मागं ओढून घेतली.

चार दिवस मुकुलला अन्न गोड लागलं नाही. सोलापूर रस्त्यावरच्या तामलवाडीकडून अपघाताची काही बातमी येते का म्हणून तो सारखा फोन बघायचा. फोनवर तिकडं वाचकांचा घाट चाललाच होता. योगीराजनं सव्विसाव्या अंकाचा अख्खा आराखडा टाकला होता: उतार, डावं वळण, समोरून दिंडी. वाचून मुकुल उठला आणि गाडीमालक धोंडप्पांच्या दुकानात गेला. त्यांना म्हणाला, "माझ्या भावाचे डोळे तपासल्याशिवाय त्याला गाडी देऊ नका." धोंडप्पांनी त्याला स्टूल दिलं आणि सगळं नीट सांगायला लावलं.

तपासणी झाली. रणधीरची डावी बाजू मुकुलपेक्षा जास्त गेली होती. त्याच संध्याकाळी तो दारात आला, आत पाऊल न टाकता म्हणाला, "सख्ख्या भावानं चाड्या केल्या," आणि निघून गेला.

मग मुकुलनं ग्रुपवर खरं लिहिलं. मी काही ठरवलं नव्हतं. कोपरे मला दिसत नव्हते. भावालाही तेच आहे, तो गाडी चालवत होता. एवढंच.  मग एकानं विचारलं, ही पुढच्या अंकाची जाहिरात आहे का? दोघंतिघं ग्रुप सोडून गेले. योगीराजचा फोन आला. 

"सर, म्या टाळ्या घेतल्या हो. तुमचे डोळे जात होते आन् म्या टाळ्या घेतल्या."

"तू बघितलंस म्हणून कळलं," मुकुल म्हणाला. "दुसऱ्या कुणी बघितलंच नव्हतं."

"आता तिची नजर परत आणा, सर. वीज पाडा परत. चालतं की कॉमिकमध्ये."

 पंचविसावा अंक काढायला त्याला चार महिने लागले. कागद लहान घेतला. प्रत्येक पान उलटं फिरवून, बोटानं कड चाचपून तपासलं. त्या अंकात चौदिशा चालत्या गाडीची घंटा ओढते, भर घाटात गाडी थांबवते आणि प्रवाशांना सांगते की मला आता पुरतं दिसत नाही. वीज पडत नाही. वाचकांत दोन तट पडले. असली हिरॉईन कुणाला पाहिजे, असं निम्म्यांचं म्हणणं. उरलेले अजून भांडताहेत.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. डावीकडचं काळं थांबलं होतं. उजवीकडचं केसभर सरकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी थेंब बदलले आणि पुढची तारीख जवळची दिली.

रणधीर आता धोंडप्पांच्या दुकानात मालाच्या याद्या करतो, असं अक्षराच्या कानावर आलं होतं. दोन्ही घरांत जाणं-येणं नव्हतं. एका रविवारी दुपारी मुकुल टेबलावर वाकून शाई फिरवत होता. अक्षरा देवळात गेली होती, दार उघडं होतं. पान संपवून त्यानं पाठ ताणली आणि पेन धुवायला वळला, तर डाव्या हाताला, खुर्चीपासून दोन पावलांवर, रणधीर उभा होता. मुकुलच्या हातातून पेन पडलं.

"कधी आलास?"

"मघाच," रणधीर म्हणाला. त्याच्या मुठीत थेंबांची बाटली होती. "मला घालता येत न्हाईत. गालावरच पडत्यात."

मुकुलनं त्याला खुर्चीवर बसवलं, मान मागं करायला लावली आणि बाटलीचं झाकण काढलं.