नांगरलेल्या शेतात चालायला कोण येतंय?

माणसं ट्रेडमिलवर तासभर धावून जागच्या जागीच राहतात, त्यांना कोणी वेडं म्हणत नाही. मी सुट्टीच्या दिवशी नांगरलेल्या शेतात मान खाली घालून चालते आणि हजारो वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांची दगडी बाणटोकं शोधते, तर आयर्लंडमधल्या आमच्या लिक्सलिप गावातल्या समस्त मराठी मंडळींना माझी काळजी वाटते. त्यातून इथला कायदा फार रसिक. खणायचं नाही, धातू शोधायचं यंत्र फिरवायचं नाही, आणि चालता चालता काही सापडलंच तर ते सरकारचं. म्हणजे चिखल आपला, बूट आपले, कंबरदुखीही आपली.

जागा मिळवणं त्या मानाने सोपं. मीथ परगण्याकडच्या रस्त्यावर नांगर फिरलेलं शेत दिसलं की गाडी थांबवायची, मालकाचं घर शोधायचं आणि परवानगी मागायची. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं माझं सगळं शांतपणे ऐकलं, "ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल की', म्हणाला आणि हवे तेवढे दगड घेऊन जा, उरलेले पुढच्या आठवड्यात ने, असंही वर सांगितलं.

सोबत मिळवणं मात्र महाकठीण. मी मराठी ग्रुपवर मेसेज टाकला. "पार्किंग आहे का?" "किड्स-फ्रेंडली आहे ना?" एकीनं विचारलं, सापडलेल्या वस्तूचं पेंडंट करता येईल का. रविवारी गाड्यांची रांग लागली. पावभाजीचा तवा आला, शेगडी आली, बॅडमिंटन आलं, स्पीकर आला. सगळ्यांचे शूज पांढरे असल्यामुळे शेतात तेवढं कोणी उतरलं नाही. शेतकरी कुतूहलानं डोकावला, त्याला दोन पाव मिळाले, तो खूश. पुढच्या वेळी विचारलं तर उत्तर आलं, "बघू यार, वेदर कसंय ते." आयर्लंडमध्ये एकदा वेदर बघायचं ठरवलं की माणूस कायमचा सुटला.

मग अमरावतीहून आई आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. आठवडाभरात तिनं स्वयंपाकघरातलं एकूण एक प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, रिकामं करून परत लावलं, माझे डबे घासले आणि मग करायला काही उरलं नाही. रोज सकाळी एकच धोशा, "माझं तिकीट अलीकडचं कर." मला ती जायला नको होती. ते सोडून मी बाकी सगळं बोलायचे. इथं काय कमी आहे, हीटिंग आहे, मराठी चॅनल आहेत, वगैरे.

घरात बसून कंटाळली म्हणूनच ती एका शनिवारी शेतात आली. डोक्याला मफलर, पायात माझे जुने गमबूट. मी आपली अभ्यासू पद्धतीनं, तिरप्या उन्हात, नांगराच्या तासातून ओळ धरून चालले होते. आई एका जागी उभी राहिली आणि समोर तांदळाचं ताट घेतल्यासारखी जमीन निवडायला लागली. थोड्या वेळानं वाकली. "हा घे. हा बाकीच्यांतला नाही."

बदामी रंगाच्या गारगोटीचं बाणटोक, अंगठ्याच्या नखाएवढं, टोक शाबूत, कडा बारीक दातेरी. दोन हिवाळे पायपीट करून मी तोवर फुटक्या बश्या आणि मातीच्या चिलमींचे तुकडे जमवले होते. मला आनंद झाला असं लिहायला हवं, पण मला हेवा वाटला.

सापडल्याची जागा मी संग्रहालयाला कळवली. धुऊ नका, तसंच आणा, असं उत्तर आलं. पण हे उत्तर येईपर्यंत बाणटोक टेबलावरून गायब झालं होतं. आईनं ते चिंचेच्या कोळानं लख्ख घासून, हळदकुंकू वाहून प्रेसमध्ये मांडलेल्या देवांच्या शेजारी बसवलं होतं.

"अगं, ते सरकारचं आहे!"

"सरकार होतं का चिखलात?" आई म्हणाली.

संग्रहालयातल्या बाईंनी भिंगातून पाहिलं आणि त्यांचा आवाजच बदलला. कडेला लाल रंगाचा अंश दिसतोय, फार दुर्मीळ! मला कुंकू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. एवढा मोठा शोध हातचा गेला तरी बाई सभ्यपणे हसल्या. मग त्यांनी सांगितलं की कोणा शिकाऱ्याचा नेम चुकला असेल, त्यानं हा बाण गवतात खूप शोधला असेल आणि शेवटी तसाच परत गेला असेल. मी ते सोबत आलेल्या आईला मराठीत सांगितलं.

"एकटाच होता का तो?" आईनं विचारलं.

बाई म्हणाल्या, बहुधा नसावा. शिकारीला माणसं जोडीनं जात.

परतताना गाडीत आई म्हणाली, "मी गेल्यावर तू कोनासंग जाशीन?"

खरं तर असल्या प्रश्नांना माझ्याकडे टोमणे तयार असतात. ग्रुप आहे, शेतकरी आहे, वेदर बघून ठरवू. पण मी गाडी कडेला घेतली.

"कोणाबरोबरच नाही," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. "आई, तू इतक्यात जाऊ नकोस ना."

"मंग हे आधी काऊन नाही सांगितलं?" ती म्हणाली. "मले वाटे, तुले माझी अडचण होऊन राहिली."