पडक्या महादेवाची पाळी

मागच्या महिन्यात एका सकाळी, मुलीच्या इंग्लंडमधल्या गावी, जुनं चर्च पाहिलं. दारावर आवारातलं गवत कापणाऱ्यांच्या पाळीचा कागद होता.

दुपारी तिथल्या पबमध्ये मी सरबत घेतलं. शेजारच्या म्हाताऱ्याची त्या आठवड्यात पाळी होती. त्याने मुलीमार्फत विचारलं, "तुमच्या गावचं जुनं देऊळ कोण सांभाळतं?"

चोपड्याजवळच्या आमच्या पडक्या महादेवाला मी वर्षानुवर्षं गाडीवरूनच हात जोडत आलोय.

आज विळा घेऊन गेलो. विलायतेहून आल्यावर देवळाला पाळीचा कागद लावणार, असं शेजारच्या शेतातल्या गड्याला सांगितलं, तसा तो हसला, "नाना, विलायत फिरी उनात आनि आते गवत कापतस का? मनं नाव लिखू नका बरं."

वाचणाऱ्यांनो, तुमच्या गावी कुणाची पाळी असते?

पिंडीपर्यंत वाट मोकळी झाल्यावर मी खांबाला पाळीचा कागद लावला. त्यावर सध्या एकच नाव आहे.