मदरबोर्डाची दृष्ट

पिंट्याचे आखूड झालेले कपडे आणि आमच्या ऑफिसातले किस्से, या दोन गोष्टी माझ्याच्याने टाकून देववत नाहीत. दोन्ही साठत जातात. कपड्यांची निदान गोधडी तरी होते. किश्श्यांचं काय करायचं म्हणून मी ते जेवताना नवऱ्याला सांगते. परवा तो ताकाचा भुरका मारून म्हणाला, "तुझ्या दर किश्श्यात ती शैला कशी गं येते?"

"ऑफिसच छोटं आहे," मी म्हटलं.

पण नंतर भांडी आवरताना मनातल्या मनात सगळे किस्से चाळून पाहिले. येते खरी.

*

ऑफिस म्हणजे खोपोलीजवळच्या पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या फॅक्टरीचं. साहेब, हेडक्लार्क प्रधानकाका, शिपाई काशिनाथ, शैला, मी आणि आणखी दोन-चार टेबलं. तिथे एक दिवस कॉम्प्युटर आला. नवा नव्हे, मुंबईच्या हेड ऑफिसने वापरून वापरून कंटाळल्यावर आमच्याकडे धाडलेला. तरी आम्ही त्याला हार घातला.

तो शिकायला कंपनीने मला पाठवलं होतं. मला! तेव्हा मला सातवा महिना लागायचा होता. मी शिकून आले, त्या खुर्चीवर जेमतेम बसते न बसते तोच डोहाळजेवण, बाळंतपण, रजा. पिंट्याला सासूबाईंच्या ओटीत घालून परत आले तर खुर्चीवर शैला. तिला मीच जाण्यापूर्वी शिकवलं होतं, "तेवढ्यापुरतं."

साहेब म्हणाले, "सुधाबाई, आता तुम्हाला घरचंही बघायचंय. पुढे बघू ना. मशीनचं काही नवंजुनं झालं की तुमचा विचार आधी."

मी हसून बरं म्हटलं. मला नको तिथे हसून बरं म्हणायची फार वाईट सवय आहे.

*

खरं दुखणं खुर्चीचं नव्हतं, स्वेटरचं होतं.

कॉम्प्युटरला गरम सोसत नाही म्हणून त्याच्या खोलीला काचेचं दार आणि एसी. सगळ्या फॅक्टरीत तो एकच एसी. साहेबांना पंखा, यंत्राला एसी. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. आणि शैला त्या खोलीत मोरपंखी स्वेटर घालून बसायची. मे महिन्यात! खोपोलीत! आम्ही बाहेर मानेवर ओला रुमाल ठेवून टोटल मारतोय आणि ही दार उघडून बाहेर येते, दोन्ही हात काखेत घालून म्हणते, "बाई गं, काय गारठा आहे आत."

तिकडे शिळफाट्याला पत्र्याच्या खोलीत माझं पोर घामोळ्यांनी लाल झालेलं.

घरी हे सासूबाईंना सांगितलं. त्या पोशीरच्या, भाताच्या शेतात आयुष्य गेलेलं. त्यांनी पिंट्याच्या पाठीला मुलतानी माती थापता थापता ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पेटीला गारवा कशापायी गं? तिला काय घामोळं येतं?"

मग नेहमीप्रमाणे पिंट्याची दृष्ट काढली. रोज दिवेलागणीला मूठभर मीठ-मोहऱ्या, दोन सुक्या मिरच्या, तीनदा ओवाळून शेगडीत. त्यांचा हिशेब सोपा. मिरच्यांचा ठसका लागला तर नजरबिजर काही नाही, नुसत्या मिरच्या जळाल्या. ठसका लागलाच नाही तर मात्र नजर जबर.

मी बी.कॉम. आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण ठसका लागेपर्यंत मी शेगडीपासून हलत नाही.

*

आमच्या डोक्यावर घाटमाथ्याला धरण. तिथून जाडजूड पाइप डोंगर उतरून येतात आणि त्या पाण्यावर वीज तयार होते आमच्या खोपोलीत. तयार झाली की तारांवरून थेट मुंबईला. आमच्या वाट्याला तारांखालची सावली.

त्यामुळे लाइट जाणं हा आमच्या कामाचाच भाग होता. लाइट गेले की सगळे उठून बाहेरच्या आंब्याखाली. आता परत आलेले कळायचे कसे? पूर्वी प्रधानकाका एक बल्ब चालू ठेवायचे, पण तो दिवसा नीट दिसत नसे. कॉम्प्युटर आल्यावर सोय झाली. लाइट आले की तो "पीं" करायचा. आंब्यापर्यंत ऐकू जायचं. म्हणून शैलाला सक्त सूचना होती की लाइट गेले तरी मशीनचं बटण बंद करायचं नाही.

मुंबईच्या कोर्समध्ये मला सगळ्यात आधी बटण बंद करायलाच शिकवलं होतं. मी ते सांगितलंही होतं. प्रधानकाका म्हणाले, "अहो, मग कळणार कसं?" बटण चालूच राहिलं.

*

जूनमधली गोष्ट. लाइट गेले, आले, गेले. मंडळी आंब्याखाली गेली. मी मात्र काचेच्या दाराशी उभी होते. खुर्ची रिकामी, पाठीवर मोरपंखी स्वेटर टांगलेला. मी नुसती बघत होते. माणसाने नुसतं बघूही नये का?

तेवढ्यात लाइट आले, आणि असे आले की व्हरांड्यातला बल्ब पांढराफेक होऊन फुटला. स्टॅबिलायझर खाडकन वाजला. कॉम्प्युटरने "पीं" सुरू केलं आणि ते अर्ध्यातच तुटलं. मग जळक्या प्लॅस्टिकचा वास.

चहाचे कप घेऊन येणारा काशिनाथ माझ्यामागे थांबला होता. म्हणाला, "बाई, तुमी बघत व्हता, तवाच गेलं."

त्याने ते सहज म्हटलं. त्या दिवशी भेटेल त्याला तो तेच सहज सांगत होता.

*

मुंबईहून टायवाला इंजिनिअर आला. त्याने पेटी उघडली, आतून वहीएवढी हिरवी पाटी काढून टेबलावर ठेवली. एका कोपऱ्यात काळा डाग, भोवती दोन चिपा तडकलेल्या. आम्ही सगळे चपला काढून ओळीने आत गेलो, बघितलं, दुसऱ्या बाजूने बाहेर आलो.

"मदरबोर्ड गेला," इंजिनिअर म्हणाला.

प्रधानकाकांनी आवाज खाली आणून विचारलं, "किती वर्षांचा होता?"

"पाच असेल."

"लहानच की."

"लहान कसला, म्हातारा. असले बोर्ड आता बनतही नाहीत. टाका लावून चालणार नाही, दुसराच घालावा लागेल. मुंबईत कुठे जुना मिळाला तर."

शैलाच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी तिला सुट्टी दिली आणि फॅक्टरीच्या जीपने घरी सोडलं. पिंट्याला ताप होता तेव्हा मला अर्धी रजा मिळाली होती, बिनपगारी, आणि मी शिळफाट्यापर्यंत चालत गेले होते.

जाताना इंजिनिअर सांगून गेला की पावसाळी हवेने बाकीचे भाग खराब होतील, एसी चालूच ठेवा. म्हणजे मेल्यावरही गारवा त्यालाच.

*

पुढचे काही आठवडे माझ्या नोकरीतले सोन्याचे दिवस. सगळी हजेरी, सगळी पगारपत्रकं परत हाताने. ते काम मला यायचं. माझे आकडे पहिल्या झटक्यात जुळायचे आणि मी मान वर न करता "झालं" म्हणायची. साहेबांनी एकदा स्वतःच्या थर्मासमधला चहा मला पाठवला.

शैला बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली. स्वेटरशिवाय. घामाने तिच्या कपाळावरचं कुंकू ओघळायचं आणि टोटल चुकायची. मला बरं वाटलं असतं तर ते वाईट दिसलं असतं. मला फार बरं वाटलं.

तिच्याबद्दल एक सांगायचं राहिलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. ऑफिसात हे कुणी बोलत नसे. फक्त कुणाकडे बारसं असलं की तिला आमंत्रण द्यायचं सगळ्यांच्या लक्षातून राहायचं. माझ्याही राहिलं होतं.

*

जुलैत सासूबाई लावणीला पोशीरला गेल्या आणि एक दिवस पिंट्याला ऑफिसात आणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. गालाला तीट लावून, दुपट्यात गुंडाळून आणला. तो सकाळभर रडला. मी थापटलं, झुलवलं, प्रधानकाकांनी शिक्का वाजवून दाखवला. शेवटी साहेबच म्हणाले, "त्या एसीच्या खोलीत निजवा. नाहीतरी रिकामीच आहे."

मी पुढ्यातलं पगारपत्रक संपवते तोवर शैलाने त्याला उचलून आत नेलंसुद्धा. थोड्या वेळाने पाहिलं तर आवाज बंद. काचेतून दिसलं, तो कॉम्प्युटरच्या टेबलावर मोरपंखी स्वेटरमध्ये गाढ झोपलेला. शैला शेजारी खुर्चीवर.

माझ्याकडे तो कधी सलग तासभर झोपला नव्हता. तिथे दुपारभर झोपला.

मी माझ्या मनाला समजावलं की हा सगळा एसीचा परिणाम.

*

श्रावणात मुंबईत एक जुना बोर्ड सापडला. काशिनाथ तो कर्जत स्टेशनवर घ्यायला गेला आणि एसटीने परत येईतो ऑफिस बंद झालं होतं. शिळफाट्याला उतरून त्याने खोका माझ्या घरी आणून दिला. म्हणाला, "सकाळी तुमीच घेऊन या बाई. जपून हां, पाण्याचा थेंब चालत नाय."

मी तो ओट्यावर ठेवला, झाकण उघडलं. हिरवी पाटी, त्यावर चंदेरी रेघा. हा एक नसता तर हजेरी माझी, पगारपत्रक माझं, थर्मासमधला चहा माझा. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. का होता ते आठवत नाही. मी काहीच करणार नव्हते.

सासूबाई लावणी आटपून आल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तांब्याकडे. मग पुढे होऊन खोक्यात डोकावल्या.

"हे एवढंच?" त्या म्हणाल्या. "एवढ्याशा फळीपायी जळतीस व्हय गं?"

आणि खोका उचलून तांदळाच्या पिंपावर ठेवला. पिंट्याचा हात पोचू नये म्हणून, असं म्हणाल्या.

*

सकाळी तो मीच ऑफिसात नेला. इंजिनिअर आला, बोर्ड बसवला, तारा जोडल्या. मी साहेबांकडे गेले. "मशीनचं काही नवंजुनं झालं की" हे त्यांचे शब्द मी तोंडपाठ करून गेले होते.

साहेब प्रसन्न होते. "सुधाबाई, या दोन महिन्यांत तुम्ही हाताने जे काम केलंत ना, असं काम मी बघितलेलं नाही. तुम्हाला त्या पेटीसमोर बसवणं म्हणजे नुकसान आहे आमचं. शैलाबाईंना बसू दे तिथे. त्यांच्या टोटल चुकतात."

मी हसून बरं म्हटलं.

*

बोर्ड बसला, पण प्रधानकाका बटण दाबू देईनात. आधी या यंत्राची दृष्ट काढा, म्हणाले, पहिल्या वेळी नुसता हार घातला होता, तिथेच चुकलं. इंजिनिअर हसला, पण साहेब हसले नाहीत.

आता काढणार कोण? पुरुषमंडळींनी कधी काढलेली नाही. काशिनाथ माझ्याकडे बघत म्हणाला, "बाईंच्या घरात ल्हान पोर हाय. त्यांना सवय आसंल."

कॅन्टीनमधून मीठ-मोहऱ्या आल्या, मूठभर मिरच्या आल्या, कोळशाची शेगडी आली. सगळे चपला काढून काचेच्या खोलीत. शैला स्वेटर घालून खुर्चीमागे उभी. मी मूठ भरली आणि कॉम्प्युटरवरून ओवाळू लागले. आल्यागेल्याची, वाटसराची, शेजारणीची. सासूबाई पुढे "घरच्यांची" म्हणतात. मी तिथे नुसते ओठ हलवले.

मग दाराबाहेर येऊन मूठ शेगडीत टाकली. मोहऱ्या तडतडल्या. मिरच्या लाल झाल्या, काळ्या झाल्या, त्यांची राख झाली. आम्ही सगळे नाकं पुढे करून उभे. कुणी खोकलं नाही. कुणाला साधी शिंक आली नाही.

"जबरदस्त नजर होती हो कुणाची," प्रधानकाका पुटपुटले.

काशिनाथ माझ्याकडे बघत होता. मी शेगडीकडे.

आत इंजिनिअरने बटण दाबलं. "पीं" झालं, पूर्ण झालं, मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे पेढ्यांकडे वळले. मी नळावर हात धुवायला गेले. मागोमाग शैला आली.

"सुधाताई, मिरच्या उरल्यात का हो?"

"दोन-तीन आहेत. का?"

"घरी न्या." ती स्वेटरचं बटण लावत होती, सोडत होती. "आज पिंट्याची काढा. त्या दिवशी तो आत झोपला होता ना, मी बघत बसले होते त्याच्याकडे. खूप वेळ."

मी मिरच्या पदराला बांधून घरी आणल्या. दिवेलागणीला सासूबाईंनी पिंट्याला पुढ्यात बसवलं, त्याच मिरच्या त्याच्यावरून तीनदा ओवाळल्या आणि शेगडीत टाकल्या. आणि असा ठसका उठला, असा ठसका उठला, की सासूबाई, नवरा, मी, पिंट्याला काखोटीला मारून सगळे खोकत खोकत, डोळे पुसत दाराबाहेर पळालो.