वरून ढग बघणाऱ्या मावशी

मान वर करून ढग बघणाऱ्यांची ढगमावशींना कीव येत असे. "खालून काय दिसणार? नुसतं अस्तर! ढग बघावा तर वरून." इंग्लंडमधल्या लेस्टरच्या विद्यापीठात त्या उपग्रहाच्या नोंदींमधून जगभरचे सिरस ढग शोधत, दहा-बारा किलोमीटर उंचावरचे, बर्फकणांचे, पिंजलेल्या कापसासारखे. मी नागपूरहून त्यांच्याकडे पीएचडीला आले आणि पहिल्याच दिवशी "मॅडम" म्हणाले. "डिपार्टमेंटमधली कालची पोरं मला नावाने हाक मारतात. तू तरी मावशी म्हण!"

त्यांच्या लेखी 'विरळ' ही सर्वांत मोठी स्तुती. मैत्रिणीच्या नवऱ्याच्या डोक्याकडे कौतुकाने बघत त्या एकदा म्हणाल्या, "छान विरळ झालेत हं!" ते गृहस्थ पुढे दोन दिवाळ्या आले नाहीत.

मराठी मंडळाच्या पिकनिकआधी हमखास फोन यायचा. "मावशी, शनिवारी पाऊस आहे का हो?"

"माझ्या ढगांचा पाऊस जमिनीपर्यंत पोचत नाही," असं दुखावल्या आवाजात सांगून त्या फोन ठेवत. मंडळी त्याचा सोयीचा अर्थ घेत आणि बटाटेवडे भिजत.

दुसऱ्या वर्षी माझ्या जानेवारीच्या नकाशात ऐन सहारावर ढगांचा दाट पट्टा उमटला. मावशींनी तो कॉन्फरन्सला पाठवला. त्यांची संपत आलेली नोकरी याच कामावर पुढे वाढायची होती. भाषणाच्या दिवशी सकाळी टोस्टला लोणी लावताना मला उमगलं, की अक्षांशाचं उणे चिन्ह मी गाळलं होतं. दक्षिणेचे ढग उत्तरेला नेऊन बसवले होते!

मी रडत रडत सांगितलं. मावशींनी आधी माझा टोस्ट संपवला. मग व्यासपीठावर जाऊन म्हणाल्या, "या नकाशात मी आफ्रिका उलटी केली आहे. आता ही चूक कशी टाळायची ते सांगते." सभागृह खो खो हसलं. पण नंतर सगळे लिहून घेत होते.

मावशींच्या नोकरीला मुदतवाढ मिळाली नाही. त्या पुण्याला परत निघाल्या, तेव्हा स्टेशनवर मी विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंत?"

"अगं, तिथे तुला कोण ओळखत होतं? पहिली ओळख चुकीने कशाला करून द्यायची?"

वर्षभराने आमचा दुरुस्त केलेला शोधनिबंध छपाईला गेला. मी मावशींचं नाव पहिलं घातलं होतं. पुण्याहून प्रूफ परत आलं, तेव्हा त्यांनी ते खोडून माझ्या नावामागे नेलं होतं. समासात लिहिलं होतं, "वाचणाऱ्याला आधी तू दिसायला हवीस."