वासुदेवाच्या ट्रकात लाइट

आंधळगावात माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. बॅटरी भरायला अख्खा दिवस लागतो, तोवर गिऱ्हाईक करणार काय? बाकड्यावर बसणार आणि बोलणार. बॅटऱ्या भरून परत जात, किस्से मात्र दुकानातच साचत. त्यातले अर्धे माझ्या तोंडी फुगलेत, असं लोक म्हणतात. म्हणू द्या! वासुदेवाचे किस्से मात्र मी कमी करूनच सांगतो. घडले तसे सांगितले तर कोणी विश्वास ठेवत नाही.

वासुदेव ड्रायव्हर. चिखल्याच्या खाणीतलं मँगनीज दुसऱ्याच्या ट्रकात वाहून त्याची उमेद संपली. ट्रक म्हातारा झाला तेव्हा मालकाने तो भंगाराच्या भावात यालाच दिला. त्याच सुमारास भावाभावांत वाटण्या झाल्या. भावांना खोल्या आल्या, याला मागची मोकळी जागा. वासुदेवाने तिथे चिंचेखाली ट्रक उभा केला, वर पत्रे ठोकले, खिडकी कापली, मागे दार बसवलं आणि बायकोला म्हणाला, "घे, घर!"

सुशीलावहिनी म्हणाल्या, "अन् हाकलणार कोण?"

* * *

या घरात लाइट होता, पण ट्रकच्या बॅटरीवर. बॅटरी माझ्याच दुकानातली, म्हणजे तिच्यात जीव किती ते मला ठाऊक! वहिनींनी कणीक मळायला घेतली की बल्ब पिवळा, पोळी तव्यावर पडली की लाल, आणि ताटं वाढली की गुल. मग वासुदेव पुढे जाऊन, हँडल मारून इंजिन चालू करायचा. गाडी चालत नसे, इंजिन चाले. सगळं घर थरथरायचं. वरण ताटातून मांडीवर, मांडीवरून चटईवर. भिंतीवरचे देव रोज जागा बदलायचे!

एका संध्याकाळी वहिनी ताट सरकवून उठल्या. "वरणाले डिझेलचा वास येते. दातावर दात आपटून राहिले माये. मी चालली सानगडीले."

सानगडी त्यांचं माहेर. जाताना म्हणाल्या, "माणसाच्या घरासारखा लाइट लागला, का निरोप धाडा. त्याबिगर मी या डब्यात पाय ठेवत नाई."

वासुदेव दुकानात येऊन बसला. म्हणाला, "भांडली असती त समजावली असती बे. थे त डबा म्हणून गेली."

* * *

कनेक्शन मागायला वीज कचेरीत गेलो. मी सोबत, कारण मला बोलता येतं. पण साहेबांनी विचारलं वासुदेवालाच, "घर कुठे आहे?"

"सद्या त चिंचेखाली हाय."

"सध्या?"

तिथेच केस बिघडली! चाकांच्या घराला मीटर मिळत नाही. उद्या मीटर घेऊन पळालात तर? वासुदेव काकुळतीला आला, "साहेब, धक्का मारल्याबिगर थो हालत नाई. पळते कुठं!"

शेवटी आम्ही चाकं काढली आणि ट्रक दगडांवर टेकवला. आता साहेब म्हणाले, पंचायतीचा घर नंबर आणा. ग्रामसेवक म्हणाला, "नंबर घराले भेटते. अन् घराले पाया लागते. पाया दाखवा."

वासुदेव घरी येऊन ट्रककडे पाहत उभा राहिला. "पाय कापले बे याचे," तो म्हणाला, "अन् पाया काही आला नाई."

* * *

मग आमच्यातला परसराम वायरमन पुढे आला. खाणीतल्या पंपावर दुसऱ्याने जोडलेली वायर धरून उभं राहायचा त्याला अनुभव होता. त्याने ट्रकच्या पोटाला बाहेरून सॉकेट बसवलं. बाहेर पिन खुपसली की आत लाइट, पिन ओढली की ट्रक मोकळा. हा वासुदेवाचाच हट्ट. "कायमची वायर नको. उद्या गाडी काढा लागली त?"

चाकं काढलेल्या ट्रकबद्दल बोलत होता! कोणी हसलं नाही.

आणि करंट कुठून? खांबावरून! बांबूला तार बांधायची, दिवेलागणीला लाइनवर आकडा टाकायचा, उजाडलं की काढायचा. गावभर झालं, "वासुदेव आकडा टाकते!" ते पोलीस जमादाराच्या कानावर गेलं. आकडा म्हटलं की त्यांच्या डोक्यात मटका. सायकल हाणत दारात हजर.

"आकडा लावतो काय बे?"

वासुदेवाला खोटं बोलता येत नाही. "हो जी."

"कधी?"

"संध्याकाळी टाकतो, सकाळी काढतो."

"म्हणजे ओपन अन् क्लोज दोन्ही! लागते काय?"

"रोजच लागते जी. वारा आला त सुटते."

जमादारांनी इकडेतिकडे पाहिलं, सायकल स्टँडला लावली आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, "आजचा सांग ना!"

* * *

परसरामाने आयुष्यात एकच गोष्ट पाठ केली होती. "चोरीचा करंट असो का बिलाचा, अर्थिंग पायजेच!" त्याने ट्रकशेजारी खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, पाइप पुरला, तिथून तार ट्रकला जोडली. वासुदेवाला म्हणाला, "रोज पाणी टाकत जा. सुकलं का काम करत नाई."

वासुदेव रोज आंघोळ करून, ओल्या पंचाने, पाइपावर तांब्याभर पाणी सोडू लागला. बायको माहेरी गेलेला माणूस, डोळे मिटून पाणी घालतो. लोकांनी काय समजायचं? समोरच्या म्हातारीने पाइपाला कुंकू लावलं. मग फुलं आली, मग नारळ, मग बायांनी वर्गणी काढून चांगला दगडी ओटा बांधला. परसराम तार तपासायला गेला तर म्हातारी काठी घेऊन उभी!

"देवाले तार कायले बांधली रे?" असं म्हणून तिने स्वतःच्या हाताने ती सोडून टाकली.

* * *

इकडे वासुदेवाने सानगडीला निरोप धाडला होता, 'लाइट लागला.' वहिनींनी आधी बापाला पाठवलं. म्हातारबा संध्याकाळी आले, रीतीने पाय धुतले आणि ओल्या पायांनीच दाराच्या कडीला हात घातला. अर्थिंगची तार सुटलेली, करंट सगळ्या पत्र्यात! डोक्यावरची टोपी उडाली ती थेट चिंचेवर. वासुदेवाने झटकन पिन ओढली म्हणून निभावलं.

चहाही न घेता ते परत गेले आणि लेकीला म्हणाले, "पोरी, तुया घराचं दारच चावते!"

त्यानंतर वासुदेवाने आकडा टाकला नाही. अंधारात राहायचा. दुकानात येऊन बसायचा, पण बोलायचा नाही. सानगडीकडची एसटी आली की उठून स्टँडवर जायचा. माणसं उतरायची, कोंबड्या उतरायच्या, हा परत यायचा. तोवर त्याचा चहा गार. आमचीही तोंडं बंद झाली. बाकड्यावर बसून बॅटऱ्यांचे बुडबुडे ऐकायचे, बस्स.

* * *

पुढे ग्रामसेवकाच्या घरी कसलासा नवस होता. नारळ घेऊन तो ओट्यापाशी आला. ट्रकची बाजू ओट्याला टेकलेली. त्याने नारळ फोडला, ओट्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "अरे, याले त पाया हाय!"

घर नंबर मिळाला. नंबरामुळे मीटर आला. परसराम गावभर सांगत सुटला, "म्हणलं नव्हतं? अर्थिंगबिगर काईच होत नाई!"

मग त्याने दुसरं अर्थिंग केलं, ट्रकच्या पाठीमागे, कोणाला दिसू नये असं.

* * *

आणि वहिनी आल्या. ट्रंक घेऊन आल्या. म्हातारबा सोबत होते, पण चिंचेच्या पुढे आले नाहीत. दिवेलागण झालेली. वासुदेवाने लग्नाच्या मांडवात लावतात तसला मोठा बल्ब आणला होता. वहिनी आत गेल्या. परसरामाने बाहेरून पिन खुपसली. वासुदेवाने बटण दाबलं.

असा उजेड पडला की आम्ही दाराबाहेर डोळे मिटले!

उघडले तेव्हा वहिनी बघत होत्या. पत्र्यातून आत आलेले खिळे. फळ्यांच्या फटीत बसलेलं काळं मँगनीज. पोत्यांचं अंथरूण. घासून पालथी घातलेली एक थाळी. खिडकीला पडदा म्हणून बांधलेलं त्यांचंच जुनं लुगडं. शेवटी त्यांनी वासुदेवाकडे पाहिलं. वाढलेली दाढी, सदऱ्यातून वर आलेली हाडं. तो हसत होता.

"लागला ना?" त्याने विचारलं.

वहिनींनी ट्रंक खाली ठेवली.

"विझवा जी थो लाइट," त्या म्हणाल्या. "अंधारात राहता येईन मले इथं."